मुद्देमालाचं लोणचं

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, ज्या घरी समाचाराला जात, त्या घरी कुणी मेलं आहे याचा घरच्यांनाच काही काळ विसर पडे. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर ठाण्यात कोपरीकडच्या कुणाही जुन्या माणसाला विचारावं. जगात माणसांवर कसले कसले कर बसले आणि जगात माणसं कशी कशी मेली, या दोन विषयांपलीकडे त्यांना तिसरा विषय माहीत नव्हता, आणि या दोन विषयांत साऱ्या जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नोकरी मीठखात्यात कारकुनाची. खाडीकाठच्या मिठागरांतून निघालेली गोणी सरकारचा कर भरल्याशिवाय हलू नये म्हणून ज्या चौक्या होत्या, त्यांतल्या एका चौकीत ते बसत. मी तेव्हा कल्याणच्या शाळेत मास्तर होतो. सुटीच्या दिवशी आगगाडीने ठाण्याला येऊन आत्याच्या हातचं जेवून जायचं असा माझा नेम होता, आणि काकांचं बोलणं ऐकणं हा त्या जेवणावरचा कर होता. तो मी कधी चुकवला नाही.

ही माहिती त्यांनी कुठून गोळा केली ते देव जाणे. इंग्रजी वर्तमानपत्रांचे जुने अंक ते वाण्याकडून पुड्यांसकट आणत आणि साखर डब्यात ओतायच्या आधी पुडीचा कागद वाचून काढत. खाडीपलीकडच्या एका ख्रिस्ती शेतकऱ्याने त्यांना सांगितलं होतं की गोव्यात फिरंग्यांनी शेंडी ठेवण्यावर कर बसवला होता. तेव्हापासून त्या शेतकऱ्याला ते गुरुस्थानी मानत. रशियाच्या कुणा बादशहाने दाढीवर कर लावला आणि दाढीवाल्यांना पावती म्हणून बिल्ला बाळगायला लावला, ही हकीकत ते नेमकी न्हाव्यापुढे बसले असताना सांगत. मग न्हावी वस्तरा थांबवून विचार करू लागे की असा कर आपल्याकडे आला तर आपलं भलं होईल की वाटोळं. तोवर काकांचा एक गाल साबणात वाळत राही. विलायतेत खिडक्यांवर कर बसला तेव्हा लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या, हे ऐकल्यावर आत्याने मात्र त्यांना खडसावलं होतं. "आपल्या माजघराची खिडकी दोन वर्षं मोडली आहे, ती कुठल्या कराला भिऊन तशी ठेवलीत ते सांगा," ती म्हणाली. काकांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि असा कर आढळत नसल्याचं कबूल केलं. खिडकी तशीच राहिली.

लग्नघरी ते गेले की नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन पेशवाईत लग्नावर काय काय पट्ट्या द्याव्या लागत ते सांगत आणि "तू स्वस्तात सुटलास" म्हणून त्याची पाठ थोपटत. पण त्यांचं खरं क्षेत्र म्हणजे समाचार. आत्याच्या आळीत एक वृद्ध भिक्षुक कफाने गेले. त्यांचा मुलगा ओट्यावर मान खाली घालून बसला होता. काका त्याच्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "वडील अंथरुणावर गेले हे मोठं भाग्य समज. ग्रीस देशात एक मोठा नाटककार होता. तो उघड्यावर बसला असताना वरून गरुड चालला होता, पंज्यात कासव. गरुडाला कासव फोडायला खडक हवा होता, आणि या गृहस्थाला पडलं होतं टक्कल." मुलाने मान वर केली. काकांनी त्याला अंजीर खाणारं गाढव पाहून हसता हसता मेलेला तत्त्वज्ञ सांगितला, स्वतःच्याच दाढीत पाय अडकून जिन्यावरून पडलेला नगरशेट सांगितला, वाम मासे जास्त खाऊन गेलेला राजा सांगितला. नगरशेटापर्यंत मुलाने कसाबसा दम धरला, राजाशी तो फुटला. बाप जाऊन तीन दिवस झालेला मुलगा ओट्यावर खो खो हसतो आहे, हे आळीने पाहिलं आणि पुढे वर्षभर त्याची चर्चा केली. तेव्हापासून ठाण्यात दोन तट पडले. काही घरं काका येताना दिसले की दार लावून घेत, आणि काही घरं त्यांना मुद्दाम बोलावणं पाठवत.

स्वतःच्या मरणाबद्दल त्यांची एकच इच्छा होती. "माणसाने मरावं तर निदान चार ओळींच्या बातमीपुरतं तरी मरावं," ते म्हणत. त्या आशेने ते वादळात खाडीवर जात, माडाखाली उभं राहून वर पाहत, एकदा तर भडकलेल्या रेड्याची विचारपूस करायला पुढे झाले. काही झालं नाही. त्यांना साधी सर्दीही होत नसे.

हे सगळं हसण्यावारी चाललं असताना एका उन्हाळ्यात चौकीच्या शिपायाने पोशीबायला पकडून आणलं. पोशीबाय कोळीवाड्यातली म्हातारी. आत्याच्या घरावरून सुकी मासळी घेऊन बाजारात जायची. मुलगा आणि सून पटकीने गेलेले, दोन लहान नातवंडं हिच्या गळ्यात. भरतीचं पाणी खडकांच्या खळग्यांत राहून उन्हाने आटतं आणि तळाला मिठाचा पापुद्रा धरतो. तो खरवडून तिने ओंजळभर मीठ पदरात बांधलं होतं. कायद्याने तेही सरकारचं मीठ, कर चुकवलेलं. दंड भरायची तिची ऐपत नव्हती, म्हणजे साहेब दौऱ्यावर येऊन चौकशी झाली की तिची रवानगी किल्ल्यातल्या तुरुंगात होणार हे ठरलेलं. नातवंडांना मग कुणी नव्हतं. काकांनी जबानी लिहून घेतली. ती म्हणाली, "बामनकाका, दर्याचा पानी खडकान राहला, उन्हानं सुकला, न मी खरवरून घेतला. यान मी कोनाचा चोरला?" काकांनी तेही लिहून घेतलं. खाली सही केली.

त्या दिवशी ते जेवताना गप्प होते. आत्याने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग ते म्हणाले, "अगं, तो दाढीवरचा कर, खिडकीवरचा कर, ते वसूल करायला कुणी कारकून असेलच ना. तो पण संध्याकाळी घरी येऊन जेवत असेल." आजवर जगातले कर त्यांना फार गमतीचे वाटत आले होते. हा कर त्यांच्या स्वतःच्या सहीचा होता आणि त्यात त्यांना गंमत सापडत नव्हती. मी समोरच जेवत होतो. त्यांना असं खिन्न झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

मुद्देमाल, म्हणजे ते ओंजळभर मीठ, फडक्यात बांधून वर लाख लावून चौकीत ठेवलेलं होतं. पण चौकीत गावची गुरं शिरत. मिठाच्या वासाने ती भिंतीसुद्धा चाटत. "गाईने मुद्देमाल चाटला तर साक्षीला गाय उभी करायची का?" असा बिनतोड सवाल शिपायाला करून काकांनी ते गाठोडं घरी आणलं आणि चुलीवरच्या फळीवर, कोरड्या जागी ठेवलं. इथवर सगळं नियमाला धरून होतं. मी शाळेच्या सुटीत आत्याकडेच राहायला होतो. कैऱ्यांचे दिवस होते. आत्या फोडी करून बसली होती आणि मोहरी फेसून झाली होती. एवढ्यात काका स्वयंपाकघरात आले. या खोलीत मी त्यांना पाटावर बसण्यापलीकडे काही करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी फळीवरचं गाठोडं काढून आत्यापुढे ठेवलं.

"लोणच्याला हे घे. खडकावरचं आहे, चांगलं लागतं."

"यावर लाख कसली?" आत्याने विचारलं.

"मुंग्या लागू नयेत म्हणून."

मिठाला मुंग्या लागत नाहीत हे आत्याला माहीत होतं, आणि गाठोडं कसलं आहे हेही तिला माहीत होतं. या माणसाची नोकरी गेली तर आपण कुठे जाणार, हे तर तिला सगळ्यांहून जास्त माहीत होतं. तिने गाठोडं पुढ्यात ओढलं. मग वरवंट्याने लाख फोडली.

साहेब आला तेव्हा चौकीपुढे कोळीवाड्यातली माणसं जमली होती. पोशीबाय नातवंडांना दोन्ही बाजूंना घेऊन मातीत बसली होती. साहेबाने कागद चाळले आणि विचारलं, "मुद्देमाल किदर है?" काकांनी मला खूण केली. मी बरणी घेऊन पुढे झालो आणि टेबलावर ठेवली. साहेबाने बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. मोहरी आणि हिंगाचा वास चौकीभर पसरला.

"ये क्या है?"

"कैरीचं लोणचं, साहेब. मुद्देमाल यातच आहे, एक खडाही कुठे गेलेला नाही. घरात गैरसमजाने पडला."

"मीठ निकालो."

"साहेबांनी हुकूम करावा," काका अत्यंत नम्रपणे म्हणाले. "पण लोणचं मोडून मीठ कसं काढावं, याचं कलम मला कायद्यात सापडलं नाही. आणि लोणच्यावर कर नाही. मी जगभरचे पाहिले."

साहेबाला शंका आली असावी. त्याने एक फोड उचलून तोंडात टाकली. मग त्याचा चेहरा लाल झाला, डोळे वाहू लागले आणि ठसका काही थांबेना. शिपाई पाण्याला धावला. काका मात्र पुढे वाकून मोठ्या आशेने साहेबाकडे पाहत होते. ते माझ्या कानात कुजबुजले, "लोणच्याने गेलेला साहेब अजून माझ्या वाचनात नाही." पण साहेब दणकट निघाला. पाणी पिऊन त्याने पोशीबायकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि पुराव्याअभावी तिला सोडून दिलं. कारकुनाला मात्र सोडलं नाही. काकांची बढती कायमची बंद झाली, दर्जा खाली आला आणि बदली खाडीच्या तोंडाकडच्या एका नाक्यावर झाली. तिथे होड्या तपासायच्या आणि डास मारायचे एवढंच काम होतं. पोशीबायने आभार वगैरे काही मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती परसात येऊन उभी राहिली आणि आत्याला म्हणाली, "लोनचा कसा झाला?" आत्याने द्रोणात घालून दिलं.

त्या नाक्यावर काकांनी काही पावसाळे काढले. तिथलाच हिवताप घेऊन ते घरी आले. मी कल्याणहून निघून आलो तेव्हा ते ग्लानीत होते. मध्येच डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "अरे, हे अगदीच साधं चाललंय रे." दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

सुतकाचे दिवस आले. जुन्या घरांच्या रिवाजाप्रमाणे आत्याकडे अळणी शिजत होतं. जन्मभर मिठावर पोट भरलेल्या माणसाच्या घरात मिठाचा कण चुलीजवळ येत नव्हता. समाचाराला माणसं येत, खाली पाहत आणि उठून जात. एकदा मीच त्या ग्रीक नाटककाराची गोष्ट सांगायला सुरुवात केली. गरुडापर्यंत आलो आणि पुढे माझ्याने बोलवलं नाही. इतकी मरणं ऐकून आम्ही हसलो होतो, पण हे एवढंसं साधं मरण मला सोसत नव्हतं.

एका संध्याकाळी पोशीबाय आली. आत्या पायरीवर बसली होती. तिचं रडणं अजून आतच अडकलं होतं, आणि त्याची आम्हाला काळजी वाटत होती.

"कसे गेले?" पोशीबायने विचारलं.

"काही नाही. ताप आला आणि गेले."

पोशीबाय पायरीपाशी आली. मग म्हणाली, "खबर आली तवापासून आमचे घरान पन मीठ नाय टाकला. पोरं तोंड वाकरी करतान, पन मी नाय टाकला."

आत्या रडू लागली. पोशीबायने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि ती तिच्याजवळ पायरीवर बसली. अंधार पडेपर्यंत दोघी तिथेच होत्या.