काळा हिरा, डोणीचं पाणी

शिरड शहापूरला बसमधून उतरून मी आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पोचले, तेव्हा माझा भाऊ शेजारच्या हळदवाल्या म्हाताऱ्याला मारत होता. काठी मोडली होती, म्हणून लाथांनी. म्हातारा बांधावर आडवा पडून दोन्ही हातांनी डोकं झाकत होता. आणि मेंढराच्या अंगावर कधी काठी न टाकणारे आमचे बाबा बाजूला उभे राहून बघत होते.

आमच्या मेंढ्या मरत होत्या. डोळे पिवळे, लघवी रक्तासारखी, आणि सकाळी पाय ताणून पडलेल्या. शेळ्या मात्र ठणठणीत. मेंढरं हळदीत घुसली म्हणून त्याचं न् आमचं आधीच वाजलेलं. तो हळदीवर औषध मारतो, आणि ओढा त्याच्या शेताला लागून आमच्याकडे येतो. विष त्याचंच, हे ठरवायला भावाला एवढा पुरावा पुरे होता. पाण्यातले धातू शोधणं हे माझं काम, म्हणून त्याने फोन केला होता, "तुझं यंत्र घेऊन ये. इख निघालं की तोडतो त्याला." मी यंत्र घेऊन निघाले, पण या बैलाला तेवढा धीर कुठला!

मी मध्ये पडले. एक फटका मलाही बसला. तो मी त्याच्या कानाखाली परत केला.

"तपासणी होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही," मी ओरडले.

भाऊ आत गेला, कुऱ्हाड घेऊन आला आणि म्हाताऱ्याच्या उशाशी बसला. "कर तपासणी."

माझ्या यंत्राच्या टोकाला नखाएवढा हिरा आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला, बोरॉन मिसळल्यामुळे काळा आणि वीज वाहून नेणारा. "ह्यो हिरा?" बाबा म्हणाले. "चुलीतला कोळसा दिसून राहिला." गढूळ पाण्यातही तो सहसा बिघडत नाही, म्हणून माझा लाडका. त्याला विजेचा ऋण दाब दिला की पाण्यातला धातू येऊन त्यावर चिकटतो. मग दाब उलट्या दिशेने हळूहळू सरकवत नेला की तो धातू सुटतो आणि पडद्यावरच्या रेघेत उंचवटा उठतो. धातू कोणता ते उंचवट्याची जागा सांगते, किती ते त्याची उंची.

आधी ओढ्याचं पाणी घेतलं. धातू चिकटेपर्यंत थांबावंच लागतं. तेवढा वेळ भाऊ कुऱ्हाडीच्या धारेवर अंगठा फिरवत होता. रेघ सपाट आली. पुन्हा केलं, पुन्हा सपाट.

"ओढ्यात काही नाही," मी म्हणाले.

मग मेंढरं पितात त्या दगडी डोणीतलं पाणी घेतलं. रेघ अशी चढली की पडद्यात मावेना. तांबं! शेळी ते बऱ्यापैकी पचवते, मेंढीला थोडंही भोवतं.

"मंजे ह्यानं डोणीतच टाकलं!" भाऊ उठला आणि कुऱ्हाडीची मागची बाजू म्हाताऱ्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी भावाच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत. कुऱ्हाड तरी सुटेना.

"खुरांना लावतो ते मोरचूद म्हणजे तांबंच!" मी किंचाळले. "डोणीत मोरचूद कोणी कालवलं?"

बाबांनी डोणीत हात घालून तळ चाचपला. पावसात खुरं कुजली की मेंढरं मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून चालवायची, ही आमच्याकडची रीत. त्यासाठी वेगळं पत्र्याचं घमेलं होतं, ते फुटलं होतं.

"डोणीतूनच चालवली म्या," बाबा म्हणाले. "दर बाजाराच्या दिशी. पण पाणी वतून देत व्हतो की. मंग ताजं भरत व्हतो."

"घासून धुतली होती?"

"न्हाई. निळं दिसत नव्हतं, तं काहून घासू?"

दगडात मुरलेलं तांबं दर वेळी ताज्या पाण्यात उतरत होतं. मला बापाचा राग आला, भावाचा आला, आणि रडूही आलं. म्हातारा कसाबसा उठून बसला. मोडलेला हात त्याने मांडीवर घेतला आणि भावाकडे बघितलं.

"हळदीवर म्या बी मोरचूदच मारतो," तो म्हणाला. "पोरीला वढ्यात घावलं असतं, तं?"

भावाने कुऱ्हाड खाली ठेवली.

"तोडलं असतं तुमाला, काका."