उभ्या गाडीचं डिझेल

आमच्या करंजाड्यात नवी गाडी आली की आधी नारळ फुटतो आणि त्याच्या मागोमाग कोणाची तरी बढाई. हौसाबाईंच्या पिकअपच्या वेळी दोन्ही कामं त्यांनी स्वतःच केली. गावदेवीच्या देवळासमोर गाडी उभी, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार आणि बाईंच्या अंगावर ठेवणीतलं हिरवंगार लुगडं. नारळ फोडून त्यांनी भकलं वाटली, एक स्वतःच्या तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "लिटरला पंधरा देनार. लिवून ठेवा."

मी लिहून ठेवत नाही, मला तोंड आहे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या करंजाड्याला कळलं होतं की हौसाबाईंची गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देणार.

बाई कोण ते सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. हौसाबाई म्हात्रे, करंजाडे गावठाणातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा इथे शेती होती. सासूच्या मागोमाग डोक्यावर म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, टोपली घेऊन त्या पनवेलच्या गल्ल्या हिंडल्या. पुढे नवऱ्याने, काशीरामने, तीनचाकी डिझेल टेम्पो घेतला. तो चालवायचा, ही विकायची. काशीराम गेला तेव्हा लोक म्हणाले, आता टेम्पो विकणार. बाईंनी लायसन काढलं. परीक्षेला साहेबांनी मैदानात गाडीने आठचा आकडा काढायला सांगितला. बाईंनी तो काढला, गाडी साहेबांच्या पुढ्यात आणून थांबवली आणि विचारलं, "नऊ पन काढू का?"

तोवर शेतजमिनी नव्या शहरासाठी सरकारकडे गेल्या होत्या आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर म्हात्रेंची बिल्डिंग उभी राहिली होती. भाडी येत होती. बाईंना हात हलवायची गरज नव्हती. मी एकदा तसं बोललो तर म्हणाल्या, "आबा, बसून ऱ्हायला मी काय पिशवीतला बांगडा हाय?"

तर अशा बाई पहाटे उरणच्या करंजा बंदरावर जायच्या, बर्फात म्हावरं भरायच्या, उलव्याची धूळ खात परत यायच्या आणि आमच्या सोसायट्यांच्या गेटांवर विकायच्या. टेम्पो म्हातारा झाला तेव्हा त्यांनी ही चारचाकी पिकअप घेतली. मागे बर्फाच्या पेट्या, पुढे गावदेवीचा फोटो.

आता त्यांचा मुलगा, प्रणित. त्याचं रस्त्यावरच जागा-फ्लॅटचं ऑफिस आहे. काचेचा दरवाजा, आत थंडगार, गळ्यात चेन इतकी जाड की बकरा बांधता येईल. पोरगा वाईट नाही, पण त्याला आईच्या धंद्याची लाज वाटायची. मुंबईची पार्टी फ्लॅट बघायला यायची आणि नेमकी तेव्हाच आईसाहेबांची स्वारी समोरून जायची. स्वतःच्या बिल्डिंगखालचा एक गाळा त्याने रिकामा ठेवला होता. आईने त्यात पंख्याखाली बसावं, माणसं कामाला ठेवावीत, स्वतः म्हावऱ्याला हात लावू नये. बाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर असायच्या.

त्याला कारण हवं होतं. ते गाडीनेच दिलं. पहिली टाकी संपली, हिशोब केला, लिटरला नऊ.

नऊ. पंधरा सांगून नऊ. ही बातमी मी पसरवली असं कोणी म्हणत असेल तर म्हणो. मी फक्त दूधवाल्याला, वॉचमनला आणि केशकर्तनालयात सांगितलं.

बाई तडक शोरूमला गेल्या. तिथला प्रितेश नावाचा मुलगा शेजारी बाईंना बसवून पळस्प्याच्या नाक्यापर्यंत गाडी चालवत गेला आणि आला. गाडी ठणठणीत. लिटरला पंधरा-सोळा सहज देत होती.

"मावशी, गाडीत काही नाही," तो म्हणाला.

"पाव्हन्यासमोर सून शानीच वागते रं," बाई म्हणाल्या. "माज्या घरी येऊन बघ."

पुन्हा टाकी भरली. पुन्हा नऊ.

त्या दुपारी जेवताना प्रणितने विषय काढला. हे मला त्याच्या बायकोने, भाविकाने सांगितलं. ही उलव्याची मुलगी, कॉमर्स शिकलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त. आमच्याकडे कढीपत्ता न्यायला येते आणि जाताना बातमी ठेवून जाते. सौदा चोख आहे.

प्रणित म्हणाला, "आई, तू गाडी पोसायला म्हावरं विकतेस. गाडीने तुला पोसायला पायजे."

"नवी हाय. बसेल हळूहळू."

"मग असं करू. आता टाकी फुल करू. ही टाकी संपेपर्यंत पंधराचं अ‍ॅव्हरेज आलं नाय तर गाडी विकायची आणि तू गाळ्यात बसायचं. मान्य?"

बाईंनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "आन् आलं तर?"

"आलं तर मी गाळ्याचं नाव काढणार नाय."

"तोंडातला घास संपव आन् मंग बोल. आन्नावर हात ठेवून बोल."

प्रणितने भातावर हात ठेवला. झालं. हौसाबाईंचं सगळं हिंडणं-फिरणं आता एका टाकीत भरलेलं होतं.

प्रणितही शेवटी हौसाबाईंचाच मुलगा. आई कुठे उगाच लांब फेऱ्या मारते का हे बघायला त्याने भाविकाला सोबत पाठवलं. म्हणाला, आईच्या मदतीला जा. बाईंना हे कळलं नाही असं समजणारा माणूस करंजाड्यात नवा असला पाहिजे. पण त्यांनी सुनेला पुढे बसवलं आणि निघाल्या.

बंदरापासून उलव्यापर्यंत गाडी लोण्यासारखी आली. मग आमच्या सोसायट्या सुरू झाल्या आणि भाविकाला जे दिसलं ते मी रोज बाल्कनीतून बघत होतो, फक्त माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

जुना टेम्पो होता ना, त्याचा आवाज म्हणजे दळणाची गिरणी. डुग डुग डुग डुग. दोन गल्ल्या अलीकडे असतानाच बायका भांडी घेऊन जिन्यात. बाईंना हाक मारावीच लागत नसे. शिवाय तो एकदा बंद पडला की पुन्हा चालू करायला चार माणसं लागत, म्हणून बाई बंदरावरून निघाल्या की घरी पोचेपर्यंत इंजिन बंद करत नसत. ही नवी पिकअप मात्र सुनेसारखी, आली कधी ते कळतच नाही. हॉर्न मारावा तर गेटवर बोर्ड, 'हॉर्न वाजवू नये'. तो आमचे सेक्रेटरी आरोन यांनी लावलेला. आरोन माझे जुने दोस्त. निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच छंद आहेत, शांतता राखणं आणि ती कोण मोडतं ते बघणं.

म्हणून बाईंनी स्वतःचा तोडगा काढला होता. प्रत्येक गेटवर गाडी उभी करायची, न्यूट्रलला टाकायची आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून धरायचा. घुर्रऽऽ घुर्रऽऽ. वरून कोणी डोकावेपर्यंत. मग गिऱ्हाईक खाली येईपर्यंत, भाव होईपर्यंत, म्हावरं कापून होईपर्यंत आणि गावभरची विचारपूस होईपर्यंत इंजिन आपलं चालूच. विचारपूस मोठी असायची. त्यातली निम्मी माझ्याशी.

तिसऱ्या गेटवर भाविका म्हणाली, "आई, इंजिन बंद करा ना."

"का गो?"

"डिझेल जळतंय."

"उभ्या गाडीला कसलं डिझेल? चाक तरी फिरलं का?"

"आई, गॅसवर रिकामा तवा ठेवला तर गॅस जळत नाय का?"

भाविका मला नंतर म्हणाली, "आबा, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्या गप्प बसल्या. मीच घाबरले." मग बाईंनी हात पुढे केला, चावी फिरवली आणि गाडी बंद केली.

घरी प्रणितने विचारलं तेव्हा भाविकाने एवढंच सांगितलं, "फार जपून चालवतात." खोटं काय त्यात? त्या क्षणापासून खरंच जपून चालवत होत्या.

पण पुढची अडचण आता आली. गाडी बंद, आवाज बंद, गिऱ्हाईक बंद. दुसऱ्या दिवशी बाई आमच्या गेटवर येऊन उभ्या राहिल्या आणि आमच्या बायकांना पत्ताच नाही. टीव्ही चालू, पंखे चालू, खिडक्या बंद. म्हावरं तसंच परत गेलं. त्या रात्री गावठाणातल्या घराघरात फुकटचं कालवण शिजलं आणि मांजरांनी सुद्धा नको म्हटलं. इंजिन चालू ठेवावं तर गाडी जाणार, बंद ठेवावं तर धंदा जाणार. दोन्हीकडून गाळाच.

भाविकाने सुचवलं, आवाज भरून ठेवलेला भोंगा लावू, भंगारवाले लावतात तसा.

"डब्यातला आवाज म्हंजे कालचं म्हावरं," बाई म्हणाल्या. "नको."

त्यानंतरच्या सकाळी मी बाल्कनीत चहा घेत होतो. पिकअप आली. इंजिन बंद झालं. बाई खाली उतरल्या, पदर खोचला, एक तळहात कानाशी धरला. आणि मग जो आवाज आला, तो मी पनवेलच्या गल्लीत शेवटचा ऐकला होता तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते.

"ताजं म्हावरं घ्याऽऽ... करंजाची कोलंबीऽऽ... रावस आला गोऽऽ..."

माझा चहा बशीत सांडला. सातव्या मजल्याची खिडकी उघडली, मग पाचव्याची, मग समोरच्या सोसायटीतल्या सगळ्या. बायका अशा उतरल्या की लिफ्टला रांग लागली. आणि सगळ्यांच्या पुढे, जिन्याने, आरोन.

"हौसाबाई," आरोन म्हणाले, "ही शांततेची जागा आहे. गेटवर बोर्ड आहे."

"बोर्डावर काय लिवलंय?"

"हॉर्न वाजवू नये."

"मंग? वाजवला का मी?"

"अहो, पण हा आवाज..."

"यो आवाज माज्या आयशीनं दिलेला हाय आरोनशेट, कंपनीनं बसवलेला नाय."

मी वरून म्हणालो, "आरोन, बाई नियमाला धरून आहेत."

"तू वरच बस," आरोन मला म्हणाले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मागे बायकांची गर्दी होती, त्यात त्यांची बायको हेप्झिबासुद्धा पिशवी घेऊन उभी. बाईंनी तेवढ्यात पेटी उघडली. आरोन यहुदी, त्यांच्या घरी कोलंबी-चिंबोरी चालत नाही, खवल्यांचं म्हावरं लागतं, आणि शुक्रवारी, शब्बाथच्या जेवणाला, तर चांगलंच लागतं, हे बाईंना त्यांच्या सासूने टोपलीच्या काळात शिकवलेलं. बर्फाखालून रावस निघाला, खवले चकचकीत.

"तुमचा बाजूला ठेवलाय," बाई म्हणाल्या. "नको आसल तर आबांना देते."

"त्याला कशाला?" आरोन म्हणाले. मग सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "दिवसातून एकदाच ओरडायचं."

"येकदाच वरडते. पुरून उरंल."

पुरून उरला. टाकी रिकामी होत आली तेव्हा प्रणित स्वतः आईला घेऊन पंपावर गेला. पुन्हा फुल करून घेतली. मोबाईलवर हिशोब केला, पुसला, पुन्हा केला. मग फोन भाविकाकडे दिला. तिने केला. पंधराच्या थोडं वरच.

"आन्नावर हात ठेवला व्हतास," बाई म्हणाल्या.

"हो."

"गाळा भाड्यानं दे. चांगला भाडेकरू बघ, धंदा तुजाच हाय."

हौसाबाई रोज हिंडतात. पण आता त्यांना आपला आवाज सापडला आहे आणि सापडलेली वस्तू बाई कपाटात ठेवत नाहीत. पूर्वी प्रणितच्या ऑफिससमोरून गाडी नुसती जायची. आता थांबते. परवा मी तिथे सहज बसलो होतो. सहजच. आत मुंबईची पार्टी, नवराबायको, टेबलावर नकाशे, प्रणित समुद्र कसा जवळ आहे ते समजावत होता. बाहेर पिकअप थांबली, इंजिन बंद झालं आणि काच थरथरली.

"ताजं म्हावरं घ्याऽऽ... प्रणितशेटच्या आयशीचं म्हावरंऽऽ..."

पार्टीने प्रणितकडे पाहिलं. मग त्यातल्या बाई उठल्या आणि पर्स घेऊन बाहेर गेल्या. प्रणित त्यांच्या मागून धावला. मी दाराशी गेलो, ऐकायला नको का?

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "इथपुरतं तरी इंजिन चालू ठेव ना. घुर्र कर हवं तर. हाक नको मारू."

बाईंनी मुंबईच्या बाईंसाठी दोन पापलेटं काढली, बर्फ झटकला आणि मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "नाय रं बाला. उभ्या गाडीला डिझेल जळतं."