पाळकसाहेबांच्या डोक्यावरचा पंखा

पंखा पाळकसाहेबांच्या डोक्यावर डुलत होता आणि माझ्या शेजारी माझे मालक बसले होते. रेग्युलेटर एकवर होता तोवर ठीक होतं. कुणीतरी उत्साहाने पाचवर केला. टक, टक, टक. चर्चमधले सगळे डोळे मिटून प्रार्थनेत होते. फक्त मालक वर बघत होते, आणि मी मालकांकडे.

मी हैदराबादला पंख्यांच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेत होतो. बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली ती वर्षं. आमच्या मालकांनी, नारायणरावांनी, चांगलाच धसका घेतला. पाती कापायची नवी प्रेस आणली, नवं मॉडेल काढलं आणि इन्स्पेक्टरांच्या वर एक क्वालिटी मॅनेजर नेमायचं जाहीर केलं. काचेची केबिन, टेबलावर स्वतंत्र फोन. मी लगेच नवस बोललो. प्रभू, ही जागा मला दे, नव्या मॉडेलचा पहिला पंखा तुझा.

माझी बायको एस्तेर तारनाक्याच्या एका शाळेत शिकवायची. तिने हे ऐकून चष्मा खाली घेतला.

"अहो, गेल्या वर्षी स्कूटर मागितलीत, आता केबिन. तुमची प्रार्थना म्हणजे किराण्याची यादी झालीय. देवाला पहिलं ठेवलं की समाधान मिळतं, असं संडेस्कूलच्या पोरांना तुम्हीच शिकवता ना?"

"पहिलाच पंखा देतोय की," मी म्हणालो.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मशीनला नवं सेटिंग लावल्यावर जो पहिला पीस निघतो, त्याला फर्स्ट-ऑफ म्हणतात. तो विकायचा नसतो, तपासायचा असतो. त्याच्यावरून सेटिंग सुधारतात. आमच्या फर्स्ट-ऑफचं एक पातं बाकीच्या दोन्हींपेक्षा जड निघालं. तिन्ही पाती सारख्या वजनाची नसली की पंखा डुलतो. मी रिवाजाप्रमाणे त्यावर लाल ठिपका दिला. रिजेक्ट.

मग मला नवस आठवला. अरे, हाच तर पहिला पंखा! शब्द पाळला जाईल आणि कुणाचं काही जाणारही नाही. एवढी हुशारी मला परीक्षेत कधी सुचली नव्हती. रिजेक्ट माल घरी न्यायची स्टाफला मुभा होती. लाल ठिपका पुसायची नव्हती. मी थिनरचा बोळा घेतला आणि ठिपका पुसला.

आमच्या मराठी चर्चमध्ये कापणीचा सण होतो. गावाकडे लोक पहिलं धान्य, पहिला भोपळा, एखादी कोंबडी आणायचे. हैदराबादेत शेत कुणाचं? इथे कुणी कुंडीतल्या मिरच्या आणतं, कुणी घरचा केक. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. घेणारा बहुधा वस्तू परत दान करतो आणि ती पुन्हा लिलावात येते. एकच कोंबडी चार वेळा विकली गेलेली मी पाहिली आहे.

त्या वर्षी मी नारायणरावांना पाहुणे म्हणून बोलावलं. माझी भक्ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, एवढीच इच्छा होती. देव काय, पाहतच असतो.

नारायणरावांनी मी आगाऊच अर्पण केलेला, त्यांच्याच कंपनीचा पंखा भरघोस बोली लावून घेतला आणि लगेच परत केला. "पाळकसाहेब, हा तुमच्या डोक्यावर लावा. आजच."

मी पुढे सरसावलो. "साहेब, पुन्हा लिलाव करू या ना."

"नक्को जी. लावायचा म्हणजे लावायचा."

मग प्रीतिभोजन होतं, म्हणजे सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण. ते संपायच्या आत रेल्वेतल्या एका इलेक्ट्रिशियन भावाने पंखा चढवलासुद्धा. मी ताट घेऊन शिडीभोवतीच घुटमळत होतो. जेवणानंतर सगळे आभाराच्या प्रार्थनेला आत बसले आणि पंखा सुरू झाला.

"प्रभू, आम्ही आमचं पहिलं आणि उत्तम ते तुझ्यापुढे आणलं आहे," पाळकसाहेब म्हणत होते. टक, पंखा म्हणाला.

आमेन होताच नारायणराव माझ्या कानाशी आले. "क्या जी साळवे, हा असा कायकू हलतो?"

"नवीन मॉडेल आहे साहेब..."

"पात्यांच्या वजनावर कोण आहे? ती लक्ष्मम्मा ना? उद्यापासून तिला नक्को. अशा लोकांमुळेच कंपनी बुडते."

लक्ष्मम्मा पाती तोलून तीन-तीनचे जोड लावायची. इतक्या वर्षांत तिचा एक जोड चुकलेला मी पाहिला नव्हता. फर्स्ट-ऑफची पाती तर तिच्या काट्यावर गेलीच नव्हती. मी गप्प बसलो असतो तर सोमवारी केबिन माझी होती. मी एस्तेरकडे पाहिलं. ती आधी पंख्याकडे आणि मग माझ्या हातांकडे बघत होती. ठिपका पुसला त्या दिवशी हातांना थिनरचा वास येत होता, हे तिला आठवलं असावं.

"साहेब, तो रिजेक्ट आहे," मी म्हणालो. "लाल ठिपका मी पुसला. लक्ष्मम्माचा काही संबंध नाही."

नारायणरावांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "देवाला रिजेक्ट दिला?"

"हो."

"मग डीलरला काय देशील?"

लाजेने कान तापले होते. पण खरं सांगतो, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेता आला. पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रभू क्षमा करणारा आहे, साळवे. पण आधी तो पंखा बंद करा."

केबिनमध्ये बाहेरून आलेला एक टायवाला बसला. मी इन्स्पेक्टरच राहिलो. त्याच आठवड्यात पदरचे पैसे घालून चर्चसाठी नवा पंखा घ्यायचं ठरवलं आणि मीच पास केलेली तीन पाती घेऊन लक्ष्मम्माकडे गेलो. आपली नोकरी जाता जाता राहिली, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"किसके लिए सार?"

"आमच्या चर्चला."

"देवुडुके लिए?" देवुडु म्हणजे तेलुगूत देव. तिने हात पदराला पुसले, काटा पुसला आणि एकेक पातं पुन्हा तोलायला घेतलं. तिन्ही बाजूला टाकली.

"अगं, ती मी पास केली आहेत."

"आप पास किए सार. देवुडु भी पास करना ना."

मी ती तिन्ही पाती बदलून आणली. तो पंखा आजही आवाज न करता फिरतो. आणि तो जुना? नारायणरावांनी तो माझ्या टेबलाच्या वर टांगायला लावला. माल पास करायचा शिक्का उचलला की वरून टक. सुरुवातीला लाज वाटायची, मग सवय झाली, आणि मग त्याच्याशिवाय शिक्का मारवेना. काचेच्या केबिनकडे बघायचं कधी थांबलो, ते कळलंच नाही. एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर एस्तेर म्हणाली, "आज लवकर आटोपलं? यादी संपली वाटतं."

या धंद्याने मला एवढंच शिकवलं. जो माल डीलरला पाठवायला हात धजत नाही, तो देवाकडे पाठवू नये. तिथलं इन्स्पेक्शन कडक असतं, आणि तिथला शिक्का आपल्या हातात नसतो.

रिटायर होताना काय हवं, असं नारायणरावांनी विचारलं. मी तो पंखा मागून घेतला. आता तो आमच्या खाटेच्या वर फिरतो. दुपारी एस्तेर कूस बदलत कुरकुरते, "अहो, बदला की हा. याच्या टकटकीनं झोप येत नाही."

मला पडल्या पडल्या लागते.