बाटलीतल्या त्रेचाळीस गोळ्या

मी जाड का झाले, हे आमच्या गावात डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. खाऊन. दुसरं कारण कुणाला सुचलं नाही, आणि सुचावं इतका त्रास डोक्याला देण्याची आमच्याकडे कुणाला सवय नव्हती. दोन घरं पलीकडच्या काकी, एसटीचा कंडक्टर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली कोण कुठली बाई, सगळे आधी माझ्या ताटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. ताटात दीड भाकरी असायची. काकी चार खायच्या, पण त्या काडीसारख्या, म्हणून त्यांच्या भाकऱ्या मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. माझं सासर तारापूरच्या किनाऱ्याला. नवरा बोटीवर, सासूबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या, आणि मी एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. काम म्हणजे बाटल्यांत गोळ्या भरणं. शंभर खळग्यांचा एक ट्रे असायचा. तो गोळ्यांच्या ढिगात घालून हलवायचा, प्रत्येक खळग्यात एक गोळी बसली की बाटलीत रिकामा करायचा. एका बाटलीत एक गोळी कमी निघाली तरी सुपरवायझर सगळा खोका फोडायला लावायचा. मी तिथे टेम्पररी. काही महिने काम, मग ‘ब्रेक’ म्हणून घरी, मग पुन्हा हातापाया पडून आत. दिवाळीनंतर परमनंटची यादी लागणार होती. तिच्यात माझं नाव यावं, एवढंच त्या वर्षी मला हवं होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी माझं अंग माझं ऐकेनासं झालं. लग्नात पंचावन्न किलोची होते. ती कुठवर गेले हे बघायला सासूबाईंनी मला बर्फाच्या कारखान्यातल्या काट्यावर उभं केलं. ज्यावर मासळीचे खोके चढतात तोच काटा. त्र्याहत्तर. बर्फ फोडणारे दोघं फिदीफिदी हसले. मी म्हटलं, “आई, आता तुम्ही चढा.” सासूबाई माझ्याहून रुंद होत्या.

“मी का मासळी हाय वजन करायला?” त्या म्हणाल्या.

ऐन एप्रिलात, सगळं गाव घामाने निथळत असताना, मी स्वेटर घालून कामाला जायची. केस फणीत यायचे. ट्रे हलवता हलवता डोळे मिटायचे. सुपरवायझर ओरडायचा, “ए मोटी, हाथ चला! घर जाके सोना.” त्याचं स्वतःचं पोट टेबलावर ठेवलेलं असायचं, पण पुरुषाच्या पोटाला आपल्याकडे पोट म्हणत नाहीत, भारदस्तपणा म्हणतात.

सासूबाईंनी उपाय काढला. उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार. आठवड्यातून तीन दिवस सुनेने जेवायचं नाही, म्हणजे चरबी झडेल आणि देवही खूश होईल. स्वतः त्या यातला एकही धरायच्या नाहीत. “मला नाय जमत, मी कामाची बाय हाय,” म्हणायच्या. आठ तास उभी राहून मी काय करत होते, ते त्यांनी विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं, तर त्याचं मत नेहमीप्रमाणे बर्फात ठेवलेलं होतं.

बरं, उपास म्हणजे काय? तर साबुदाण्याची खिचडी, वर तूप, वर दाण्याचं कूट, संध्याकाळी रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण ज्यांनी केली त्यांनाच ती कधी कळली नाही. दीड भाकरी खाणारी मी उपासाच्या दिवशी खोलगट ताटभर खिचडी खायची, आणि त्याच काकी कौतुकाने म्हणायच्या, “आता उतरंल हां तुझं.”

शेवटी कारखान्यातल्या एका मैत्रिणीच्या आग्रहाने पालघरला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काम विचारलं, परमनंटच्या यादीचं ऐकून घेतलं, गळा चाचपला, स्वेटरकडे बघितलं, रक्त काढून मुंबईला पाठवलं. आठ दिवसांनी सांगितलं, थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी आळशी झालीय, तुम्ही नाही. हे वाक्य ऐकून मी त्यांच्या टेबलासमोर रडले. शंभर गोळ्यांची बाटली लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक, चहाच्याही आधी, न चुकता. शंभर दिवसांनी बाटली घेऊन परत या.

घरी येऊन बाटली दाखवली. सासूबाईंनी ती उलटसुलट केली.

“उपासाच्या दिवशी नाय घ्यायची.”

“डॉक्टर रोज म्हणाले.”

“डाक्टरला काय ठावं उपास? गोळीत काय घातलंन, कुनी बघितलंय? उपास मोडंल.”

साबुदाणा कुठून कसा येतो हे कधी कुणी विचारलं नाही. बटाटा चालतो, मिरची चालते, वेफर्स चालतात. मोहरीएवढी गोळी मात्र चालत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं आमच्या घरचं वैद्यक.

पण सासूबाईंना हसून मी सुटत नाही. मी अकरावी पास. दिवसाला हजारो गोळ्या माझ्या हातून जायच्या. आणि मी मान डोलावली. भांडण नको म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही आतून वाटत होतं की वजन उतरलं तर उपासाने उतरेल. गोळी आपली डॉक्टरच्या समाधानासाठी. सगळ्या गावाची अक्कल एका तराजूत घातली असती तर माझी त्यात वेगळी काढता आली नसती.

शंभर दिवस झाले. ऑगस्ट आला. मी तशीच सुजलेली, तशीच झोपाळू. सुपरवायझरने दोनदा सुनावलं होतं की असाच हात चालला तर यादीचं नाव काढू नकोस. पालघरला गेले. रक्तात फरक नाही. डॉक्टरांनी डोस वाढवायला पेन उचललं आणि मग खाली ठेवलं.

“गोळी रोज घेता ना?”

“रोज.”

“बाटली आणलीत?”

आणली होती. लबाड असते तर उरलेल्या गोळ्या वाटेत ओतून दिल्या असत्या. मी नुसतीच मूर्ख होते. सांगितलं तसं बाटली घेऊन आले, आहे तशी. त्यांनी कागदावर गोळ्या ओतल्या आणि पेनाच्या टोकाने पाच-पाच बाजूला करत मोजल्या. त्रेचाळीस.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “बाई, तुमच्या कारखान्यात शंभरच्या बाटलीत तुम्ही सत्तावन्न भरल्यात, तर करतील का तुम्हाला परमनंट?”

माझे कान तापले. आजवर कुणी जाड म्हणूनसुद्धा मला इतकं लाजवलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, वार, खिचडी, सासूबाई. ते म्हणाले, गोळीने ताकद येईल, झोप जाईल, थोडं वजनही जाईल. “पण सगळं थायरॉइडवर ढकलू नका. बाकीचं साबुदाण्याचं आहे.”

पुढच्या सोमवारी सासूबाई चुलीशी बसल्या असताना मी त्यांच्यासमोर गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट घेतला.

“आज सोमवार हाय!”

“हाय.”

“देव बघतो.”

“बघू दे. मला परमनंट व्हायचंय.”

दुपारी डब्यात भाकरी आणि तव्यावरचा बांगडा नेला. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस फार सुखात गेले.

हळूहळू अंगातलं ओझं हललं. डोळे उघडे राहू लागले, ट्रे पुन्हा हातात नाचू लागला. बोईसर स्टँडपासून कारखान्यापर्यंत रिक्षा सोडून चालायला लागले. दिवाळीपर्यंत सहा किलो उतरलं. पंचावन्न पुन्हा कधी झाले नाही, आजही नाही. दिवाळीनंतर गेटवर यादी लागली. शेवटून दुसरं नाव माझं होतं.

त्या संध्याकाळी पेढे घेऊन थेट बाजारात गेले. सासूबाई पाटीपुढे बसल्या होत्या, भोवती पाच-सहा गिऱ्हाइकं, आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. “माजी सून बघा, कशी उतरली! तीन वार कडक उपास धरायला लावले मीनी. देवाचा गुन.”

गिऱ्हाइकांतली एक तरणी बाई माझ्याकडे बघत होती. पापण्या सुजलेल्या, खांद्यावर शाल. “कुठले वार धरले ओ?” तिने विचारलं. “डॉक्टरनी मला पन गोळ्या दिल्यात थायरॉइडच्या. गोळ्यांनी काय नाय होत.”

सासूबाईंनी वार सांगायला तोंड उघडलं. पेढ्यांचा पुडा मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं त्या बाईला म्हटलं, “उपास धरून नाही उतरलं, मोडून उतरलं. तुझ्या बाटलीत किती उरल्यात, ते आधी घरी जाऊन मोज.”