आठ दिवसांनी येणारा ईश्वर

पुण्यात बसून सासुरवाडीचं भलं करायला निघालेला जावई म्हणजे मी. माझ्या सासूबाई, गोदावरीबाई, आंधळगावला एकट्याच राहतात. गेल्या वर्षी त्या मागच्या अंगणात घसरून पडल्या आणि तासभर कोणाला पत्ता नव्हता. पुण्याला यायला त्या तयार नव्हत्या. मरेपर्यंत आपल्याच घरात राहायचं, एवढं एकच त्यांचं मागणं. म्हणून मी कॅमेरे बसवायचं मनावर घेतलं.

बसवणारा गावातलाच ईश्वर. आधी डिश अँटेना बसवायचा, आता स्कूटरला शिडी बांधून मोहाडी-तुमसरपर्यंत कॅमेरे लावत फिरतो. फोनवर मीच त्याला शहाणपण शिकवलं. एक फाटकावर, एक मागच्या अंगणात, एक सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत. वाय-फायचा डबा इन्व्हर्टरवर. आणि सगळं माझ्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. त्यानं निमूट ऐकलं. आठ दिवसांनी पुन्हा येऊन बघेन, ती माझी पद्धत आहे, एवढंच म्हणाला. कशाला उगाच, असं मला वाटलं.

मग मी पाहतच बसलो. ऑफिसात चहा पिता पिता पाहायचो, जेवताना पाहायचो. सासूबाई सपरीत सदा उभ्या. डोक्यावर पदर, हातात झाडू नाहीतर सूप. "तुझी आई घडीभर टेकत नाही," असं मी दामिनीला, माझ्या बायकोला, कौतुकानं सांगायचो.

आठवड्याच्या आत त्यांचे गुडघे सुजले. डॉक्टरांनी तर पाय वर घेऊन बसा म्हणून बजावलं होतं. आता त्यांना पुण्याला आणावंच लागेल, असं मी ठरवलं आणि तिकीट काढून मोकळा झालो. फोनवर सासूबाईंना तसं कळवलं. दामिनी त्या दिवशी जेवली नाही.

आठव्या दिवशी ईश्वर त्यांच्याकडे गेला. सपरीतली खाट रिकामी होती. सासूबाई आत स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, आणि त्यांना उठता येईना. त्यानं हात देऊन उठवलं, खोदून खोदून विचारलं आणि मला फोन लावला.

"भाऊ, मोबाईल तुमचा हाय ना? जावयासमोर मामी खाटेवर पाय पसरून कशा बसतीन? तुमी पाहून राहिले म्हणून त्या दिवसभर उभ्या राहतेत."

लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी घरात असताना त्या खाटेवर बसल्याचं मला आठवेना. आणि मी तर आठ दिवस त्यांच्या सपरीत मुक्काम ठोकला होता.

"ॲप ताईच्या मोबाईलात टाका, तुमच्यातून काढा," ईश्वर म्हणाला. "मी मामीले सांगतो, आता पोरगीच पाहते म्हणून."

फोनवर सांगून सांगून त्यानंच ते करवून घेतलं. मी तिकीट रद्द केलं. तुझे उपकार कसे फेडू, असं म्हणालो तर त्यानं पासवर्ड कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. माझ्यासारख्या शिकल्यासवरल्याला आठ दिवसांत जे दिसलं नाही, ते या माणसाला एका फेरीत दिसलं. त्याची आठवण आली की अजून हात जोडावेसे वाटतात.

संध्याकाळी दामिनी बराच वेळ मोबाईल घेऊन बसली होती. बसल्या का, मी विचारलं.

"झोपली," ती डोळे पुसत म्हणाली. "खाटेवर. पाय पसरून."

तिच्या हातातला मोबाईल मला दिसू नये म्हणून मी उठून खिडकीपाशी गेलो.