संशयी नवऱ्याचा विनोद

मंडळी, दुपारपासून मला किळस येतेय.

नव्वद साली धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एक जुनं विनोदी नाटक केलं होतं. त्यातला संशयी नवरा झाला होता सुरेश. आज जळगावला सगळे जेवायला भेटलो, तर तो म्हणाला, "ही रावेरला माहेरी गेली की मी अजूनही न सांगता मागोमाग जातो."

सगळे हसले. शेजारी त्याची बायको मान खाली घालून बसली होती.

मी म्हणाले, "ते नाटक नीट वाच. नवरा गावभर चौकशी करतो, बायकोला मात्र एका शब्दानं विचारत नाही."

वहिनी हळूच म्हणाल्या, "मलाही कधी विचारलं नाही."

सुरेशने आणखी भरीत वाढून घेतलं.

अशा माणसाला आपण इतकी वर्षं विनोदी का म्हणत आलो?