डाव्या हाताची वीत

व्हिडिओ गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं माझं स्पष्ट मत होतं. माझ्या नवऱ्याने एकदा हौसेने कन्सोल घरी आणला, तेव्हा मी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी परत गेला. कन्सोल. नवरा आहे अजून.

त्यामुळे पन्नाशीचे एक गृहस्थ डायलिसिसला पहिल्यांदा आले आणि पिशवीतून फाईल काढायच्या आधी हातात मावेल असं खेळायचं यंत्र काढून बसले, तेव्हा मी कपाळाला हात लावला. सोबत त्यांची बायको होती. तिच्याकडे मी असं काही बघितलं की ती बिचारी ओशाळून म्हणाली, घरीही असंच असतं.

मी डायलिसिस टेक्निशियन. एकोणीस वर्षं झाली या कामाला. सगळे पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही हे सांगून सांगून तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. हे गृहस्थ मात्र पहिल्या दिवसापासून मला 'टेक्निशियन बाई' म्हणाले. ते स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. म्हणाले, आम्हालाही लोक लिफ्टमन म्हणतात, मला दुखणं माहीत आहे. एवढ्यावर मी थोडी नरमले. आमच्या हॉलमध्ये त्यांचं नाव 'लिफ्टवाले' पडलं.

किडन्या थकल्या की आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडून घ्यावं लागतं. एका सुईतून रक्त बाहेर, मशीनमध्ये साफ, दुसऱ्या सुईतून परत आत. त्यासाठी हातातली एक शीर ऑपरेशन करून धमनीला जोडतात. ती हळूहळू फुगून दोरीएवढी जाड होते. तिला फिस्टुला म्हणायचं. बोट ठेवलं की खाली मांजर गुरगुरल्यासारखं जाणवतं. तो हात चार तास हलवायचा नाही. लिफ्टवाल्यांचा तो डावा हात. खेळायला राहिला उजवा.

आता एका हाताने ही यंत्रं खेळता येत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. डाव्या बाजूला चालायची बटणं, उजव्या बाजूला उडी मारायची. लिफ्टवाल्यांनी जुन्या पत्र्याचा एक चिमटा करून आणला होता. तो फिरत्या टेबलाला लावायचा, त्यात यंत्र आडवं बसवायचं आणि वरून उजव्या हाताची वीत टाकायची. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला. अंगठ्याने चालायचं, करंगळीने उडी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. एवढा राकट हात, ग्रीस बसून नखं कायमची काळी झालेली, आणि करंगळी अशी पडत होती की बटणाचा आवाजसुद्धा येऊ नये.

त्यांचा एक नियम होता. मशीनचा पंप फिरायला लागल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही. सुया टोचताना नाही, पट्ट्या लावताना नाही. लिफ्टचं दार पूर्ण लागल्याशिवाय बटण दाबायचं नसतं, म्हणायचे. पंप फिरला, की मान डोलवायचे आणि यंत्राची कळ सरकवायचे. तीन वर्षांत हा नियम मोडलेला मी बघितला नाही.

आणि मतं! चार तास पडून राहणाऱ्या माणसाला मतं असायचीच, पण यांची मतं म्हणजे कायद्याची कलमं. टीव्हीला जोडायचे कन्सोल म्हणजे घरजावई: सोफ्यासमोरची जागा सोडत नाहीत, वर वीज खातात. फोनवरचे खेळ त्यांना खपत नसत. काचेवर बोट घासणं हा खेळ नव्हे, ती खिडकी पुसणं झालं, आणि त्यातही दर दोन मिनिटांनी जाहिरात हात पसरते. बटण दाबलं की बोटाला कळलं पाहिजे. लिफ्टच्या बटणाला दिवा लागतो तो काय शोभेसाठी? नव्या मोठ्या यंत्रांची चित्रं झकास असतात, पण वजन मनगटाला कळतं, आणि बॅटरी दोन तासांत धापा टाकते. माझी शिफ्ट चार तासांची आहे, म्हणायचे. दुकानात गेले की किंमत नाही, रंग नाही, आधी यंत्रावर वीत टाकायचे. वितीत मावलं तर पुढचं बोलणं. विक्रेत्यांनी यांना बघून काय तोंडं केली असतील देव जाणे. त्यांचं यंत्र सेकंडहँड होतं, कडेला पिवळं पडलेलं, आणि त्यांच्या लेखी त्याच्यासारखं यंत्र नंतर झालंच नाही.

सगळ्यात जोरात ते बोलायचे ते अवघड खेळांवर. खेळ अवघड असावा, पण अन्यायी नसावा. "मेलो, तर चूक कुणाची ते कळलं पाहिजे, बाई," ते म्हणाले होते. "आपली असेल, तर पुन्हा उठायला जोर येतो."

त्यांचा खेळ एकच. एका बुरुजाचे चाळीस मजले, आणि एक चिमुकला दिवेवाला प्रत्येक मजल्यावर दिवा लावत वर जातो. मध्ये पडणारे दगड, फिरणारी चाकं, सुटणाऱ्या पायऱ्या. शेजारच्या पलंगावर निवृत्त हेडमास्तर असत. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिने चढायचा खेळ खेळतो यावर त्यांनी वर्षभर विनोद केले. मग एक दिवस चष्मा पुसत हळूच विचारलं, आज कितवा मजला. पुढे ते रोजच विचारू लागले.

मला तो खेळ ओ की ठो कळत नव्हता, पण मी बघायला लागले ते कामासाठी. तिसऱ्या तासाला पेशंटचं बीपी एकदम उतरतं. पेशंटला कळायच्या आत, मशीनने ओरडायच्या आत पकडता आलं तर बरं. मला दिसलं की लिफ्टवाल्यांचा दिवेवाला एकाच सोप्या पायरीवरून दोनदा पडला, की पाच मिनिटांत बीपी उतरतंच. त्यानंतर मी दोनदा पडू दिलंच नाही. पहिल्यांदा पडला की बीपीचा पट्टा दंडावर. सगळं उतरत असताना तो अंगठा शेवटपर्यंत शहाणा असायचा. एकोणीस वर्षं मी रक्त बघतेय, पण माणूस इतका एकवटलेला मी बघितला नव्हता. तोंडात बोटं घालायची वेळ आली माझ्यावर, आणि तीही एका खेळासाठी.

तिसऱ्या वर्षी एकोणचाळीस मजले झाले. त्या सकाळी ते खुशीत आले. आज चाळिसाव्यावर दिवा लावायचा. तिथे पायऱ्या दिसतच नाहीत, दिवेवाल्याच्या पावलांच्या ठेक्यावरून ओळखायच्या, असं ते सांगत होते आणि मी, खेळांवर नाक मुरडणारी मी, सुई हातात घेऊन कान देऊन ऐकत होते. शिरेवर बोट नीट टेकवलं नाही. सुई शिरेत गेली आणि पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडली. बघता बघता हात फुगला, जांभळा झाला. बर्फ लावला, दाबून धरलं, सगळं केलं. दोन दिवसांनी त्या शिरेवर बोट ठेवलं तर गुरगुर नव्हती. शीर बंद पडली होती.

सर्जननी तपासून सांगितलं की डाव्या हातात आता जागा नाही. फिस्टुला उजव्या हातात करायचा. तो पिकायला, म्हणजे शीर जाड व्हायला, दोनेक महिने लागतील, तोवर मानेजवळ नळी घालून डायलिसिस. त्यांची बायको, आमच्या वहिनी, रडायला लागल्या. लिफ्टवाले रडले नाहीत, त्यांनी फक्त उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे अशा वेळी 'शीर नाजूक होती' म्हणायची पद्धत आहे. माझ्याच्याने म्हणवेना. मी पलंगाजवळ जाऊन सांगितलं, शीर चांगली होती, लक्ष माझं नव्हतं, चूक माझी. त्यांनी सुजलेला डावा हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी रात्रंदिवस माझा हात हलला का, तेच आठवत होतो."

त्यानंतर नळीवरचे दोन महिने. मला एकच समाधान होतं: नळी मानेत म्हणजे दोन्ही हात मोकळे. चाळिसावा मजला आता होईल, उजवा हात अडकायच्या आत. पहिल्या दिवशी मी पंप सुरू केला आणि मुद्दाम तिथेच रेंगाळले. लिफ्टवाल्यांनी यंत्र चिमट्यात बसवलं. उजवा हात पांघरुणाखाली घातला आणि यंत्रावर डाव्या हाताची वीत टाकली. ती पुरली नाही. तीन वर्षं हलू न दिलेला हात, त्यात ती सूज. करंगळी बटणाच्या बोटभर अलीकडे थांबली.

पडद्यावर बघितलं तर पहिला मजला. एकोणचाळीस मजले पुसून टाकले होते.

माझा तोल गेला. अहो, वेड लागलंय का, दोन्ही हात आहेत, एक मजला राहिलाय, असं मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. हेडमास्तरही उठून बसले. लिफ्टवाल्यांनी शांतपणे समजावलं. ते मजले उजव्या हाताने चढलेत. हा हात चाळिसाव्यावर नेऊन उभा केला तर नुसता पडेल, आणि का पडलो तेही त्याला कळायचं नाही. चांगला खेळ पहिल्या मजल्यावर उडी शिकवतो, दुसऱ्यावर थांबायला शिकवतो. या हाताची शाळा पहिलीपासून. हेडमास्तर म्हणाले, बरोबर आहे.

पांघरुणाखाली काहीतरी हलत होतं. बघितलं तर उजव्या हातात रबरी चेंडू. नवी शीर जाड व्हावी म्हणून दाबायला सर्जननी दिलेला. म्हणजे वर डावा हात चालायला शिकत होता आणि खाली उजवा मशीनसाठी तयार होत होता. मला हसावं की रडावं कळेना. तीन आठवडे दिवेवाला पहिल्याच मजल्यावर पडत राहिला. वहिनी सांगत, घरी शर्टाची बटणंही आता डाव्या हाताने लावतात, अर्धा तास लागतो, मध्ये बोललं की चिडतात. चौथ्या आठवड्यात करंगळी बटणावर टेकली. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्याच मशीनचा अलार्म वाजला.

इकडे माझं काही खरं नव्हतं. सुई हातात घेतली की मी ती परत ट्रेमध्ये ठेवायची. सोपे पेशंट मी करायची, अवघड दुसऱ्या टेक्निशियनकडे सरकवायची. लिफ्टवाल्यांची नवी शीर पिकली, पहिल्या सुईचा दिवस ठरला, तेव्हा मी डॉक्टरांना गाठून सांगितलं की हे मला देऊ नका. कोवळ्या शिरेत पहिली सुई चुकली तर हाही हात गेला. पुढे मांडीतली शीर, आणि त्यापुढचं कुणी बोलत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मी दुसरीला सांगितलं होतं, पण पेशंटच ऐकत नाही. मी तडक पलंगाकडे गेले आणि विचारलं, हा काय हट्ट?

"चूक कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे," लिफ्टवाले म्हणाले. "दुसरीला ती अजून करायची आहे."

मी हात धुतले. दोनदा धुतले. परत आले तर त्यांनी यंत्र चिमट्यात बसवलं होतं, आमच्याकडे पाठ करून, त्यांच्या तोंडासमोर. डावी वीत ताणलेली, मान खाली, बोटं चालू. उजवा हात माझ्यासमोर असा सोडून दिला होता की जणू तो त्यांचा नव्हेच. तेविसावा मजला आहे, म्हणाले, फार नाजूक जागा आहे, तुमचं तुम्ही बघा. मला हायसं वाटलं. माझ्या हाताकडे कुणी बघत नव्हतं. वहिनींनी डोळे मिटले होते, हेडमास्तर छताकडे बघत होते, आणि पेशंट आपल्या बुरुजात होता.

मी शिरेवर बोट टेकवलं. गुरगुर होती. बोट तिथेच ठेवलं, शीर कुठून येते, कुठे वळते, किती खोल आहे, सगळं बोटाने पुन्हा शिकून घेतलं, पहिलीपासून. मग सुई. नळीत लाल धार आली. दुसरी सुई. तीही आली. पट्ट्या लावल्या, नळ्या जोडल्या, पंप सुरू केला. हात फुगला नाही. पाच मिनिटं मी तो हात धरून बसले. फुगला नाही.

उठून पलीकडे गेले, त्यांना सांगायला. डाव्या हाताची बोटं अजून बटणांवर पडत होती, करंगळी, अंगठा, करंगळी. आणि यंत्राचा पडदा काळा होता. त्यात त्यांच्या कपाळावरचा घाम तेवढा दिसत होता.

"अहो, हे तर बंद आहे," मी म्हणाले.

लिफ्टवाल्यांनी मशीनकडे बघितलं. पंप फिरत होता. त्यांनी मान डोलवली.

"पंप फिरायच्या आधी मी कधी खेळलोय का, बाई?" असं म्हणून त्यांनी यंत्राची कळ सरकवली.